पाचवी चिमणी

पहिल्या शतकात गालीलच्या बाजारात चिमण्या खाण्यासाठी विकल्या जात. ते गरिबांचे मांस. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांचा भाव दिला आहे: एका अस्सारियोनला दोन. लूकच्या शुभवर्तमानात मोठ्या खरेदीचा भाव आहे: दोन अस्सारियोनांना पाच. अस्सारियोन हे तांब्याचे हलके नाणे. अशी १६ नाणी म्हणजे एक दिनार आणि दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. दिवसभर द्राक्षमळ्यात राबलेल्या माणसाला सुट्या भावाने ३२ चिमण्या मिळाल्या असत्या, घाऊक भावाने ४०. दोन्ही भाव शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन नाण्यांना चार चिमण्या यायला हव्यात, येतात पाच. पाचवी वरकड. तिच्यासाठी कोणी काही देत नाही. बाजाराच्या हिशेबात तिची किंमत शून्य.

येशू बोट ठेवतो ते तिच्यावर. या पाचांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे तो शिष्यांना सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो की तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत. ईश्वराचे गुण सांगताना ख्रिस्ती परंपरेत सर्वज्ञ, सर्वसमर्थ, सर्वव्यापी, अनादी, अविकारी असे मोठे मोठे शब्द येतात. ते इतके ऐकून झालेले असतात की कानांवरून निघून जातात. त्यांतला दावा खरोखर केवढा आहे हे कळायचे तर पाटी-पेन्सिल घेऊन बसावे लागते. तो हिशेब कुठवर चालतो आणि कुठे मोडतो, दोन्ही पाहण्यासारखे आहे.

माणसाच्या डोक्यावर सरासरी एक लाखाच्या आसपास केस असतात. पृथ्वीवर आज आठ अब्जांहून जास्त माणसे आहेत. गुणाकार केला तर आठावर चौदा शून्ये, म्हणजे आठ कोटी कोटी केस. ही संख्या एका जागी थांबतही नाही. दर माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे उगवतात. साऱ्या मानवजातीचे मिळून दिवसाला ४० ते ८० हजार कोटी केस गळतात. दर सेकंदाला ४६ लाखांपासून ९२ लाखांपर्यंत. मागचे वाक्य वाचून होईपर्यंत त्या नोंदीत काही कोटी बदल झालेले असतील. येशूच्या श्रोत्यांना यातला एकही आकडा ठाऊक नव्हता. पण ते कोळी होते, शेतकरी होते, एखादा जकातदारही होता. मोजणे म्हणजे काय हे त्यांना चांगले कळत होते. राजा माणसे मोजतो ती करासाठी आणि लढाईसाठी. सावकार धान्य मोजतो. गळून पडणारी वस्तू कोणी मोजत नाही, कारण तिच्यापासून कोणाला काही मिळायचे नसते.

जुन्या करारात हाच हिशेब आकाशाकडे वळतो. १४७ वे स्तोत्र म्हणते की देव ताऱ्यांची गणती करतो आणि त्या सर्वांना नावे देतो. नुसत्या डोळ्यांना अगदी काळ्याकुट्ट रात्रीही काही हजार तारेच दिसतात. तेवढ्यांना नावे देणे एखाद्या चिकाटीच्या माणसाला जमले असते. आपल्या आकाशगंगेत मात्र किमान १०० अब्ज तारे आहेत. सेकंदाला एक नाव या वेगाने, न झोपता, न थांबता नावे उच्चारत गेलो तर एवढ्या एका दीर्घिकेला सुमारे ३,१७० वर्षे लागतील. दुर्बिणींच्या आवाक्यातल्या विश्वात ताऱ्यांची संख्या कमीत कमी एकावर बावीस शून्ये इतकी असावी असा खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. लीलावतीत भास्कराचार्यांनी एकम् पासून परार्धापर्यंत १८ स्थानांची नावे दिली. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये, त्या यादीचे शेवटचे टोक. ताऱ्यांची संख्या एक लाख परार्ध भरते. सेकंदाला एक नाव घेत राहिलो तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या २३ हजार पट काळ लागेल. तोवर त्यांतले कितीतरी तारे विझून गेलेले असतील, आणि विझलेल्यांची नावे कोणीतरी लक्षात ठेवायची ती वेगळीच.

आकडे गरगरायला लावणारे आहेत यात शंका नाही. पण ख्रिस्ती धर्मशास्त्र इथे थांबले असते तर त्याचा देव म्हणजे एक प्रचंड मोठा कारकून झाला असता. ईश्वर अनंत आहे असे म्हणणे आणि ईश्वर फार मोठा आहे असे म्हणणे, या दोन विधानांत मला तरी जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. मोठी संख्या कितीही मोठी केली तरी ती अनंताच्या जवळ सरकत नाही. परार्धापासून अनंत जितके दूर, तितकेच एकापासून दूर.

हे जुन्या करारातल्या एका राजाने फार पूर्वी ओळखले होते. शलमोनाने यरुशलेमेत मंदिर बांधले, त्याची मापे राजांच्या पहिल्या पुस्तकात आहेत: ६० हात लांब, २० हात रुंद, ३० हात उंच. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला तर २७ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि साडेतेरा मीटर उंच. आपल्याकडचे कितीतरी सभामंडप याहून मोठे आहेत. या मंदिराला सात वर्षे लागली, लबानोनाहून गंधसरू आले, आतून सोने मढवले गेले. आणि अर्पणाच्या दिवशी सगळ्या इस्राएलसमोर उभे राहून राजा प्रार्थनेत कबूल करतो की आकाशेच काय, आकाशांपलीकडची आकाशेही तुला पुरत नाहीत, मग मी बांधलेले हे घर ते काय पुरणार. आज त्या आकाशाचे माप आपल्याला ठाऊक आहे. दृश्य विश्वाचा व्यास सुमारे ९३ अब्ज प्रकाशवर्षे, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे जवळजवळ साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. एका बाजूला २७ मीटर, दुसऱ्या बाजूला हे. अनंताशी गुणोत्तर मांडले की दोन्हींचे उत्तर एकच येते, शून्य. विश्व मंदिरापेक्षा ईश्वराला जास्त पुरेसे नाही. विज्ञानाने विश्व एवढे अफाट दाखवल्यावर देवाला जागा कुठे उरली, असे जेव्हा विचारले जाते तेव्हा मला शलमोनाची ही प्रार्थना आठवते. तो प्रश्न त्याच्या आकाशालाही तितकाच लागू होता, आणि त्याने तो स्वतःच विचारून टाकला होता.

मग जो कशातच मावत नाही तो सगळीकडे असतो म्हणजे कसा असतो? या प्रश्नाने उत्तर आफ्रिकेतल्या एका तरुणाला वर्षानुवर्षे छळले. ऑगस्टीन, जन्म ३५४, आजच्या अल्जेरियातल्या थागास्ते गावचा. तरुणपणी त्याला शरीर नसलेले काही असू शकते हेच पटत नसे. म्हणून तो ईश्वराची कल्पना अशी करी की एक अतिसूक्ष्म द्रव्य सगळ्या अवकाशात पसरलेले आहे, पृथ्वीत, पाण्यात, हवेत, आणि त्यांच्याबाहेर सर्व दिशांना अमर्याद. ऐकायला हे भव्य वाटते. पण पुढे इ.स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मकथनात त्याने या कल्पनेतली खोट दाखवली, आणि ती दाखवायला त्याने हत्ती आणि चिमणी घेतली. ईश्वर असा पसरलेला असेल तर हत्तीच्या देहात त्याचा मोठा वाटा येईल आणि चिमणीच्या देहात लहान. हिशेबच करायचा तर चिमणीचे वजन २५ ते ३० ग्रॅम, मोठ्या आफ्रिकी हत्तीचे सहा टनांपर्यंत. म्हणजे हत्तीत देव दोन लाख पट जास्त. ऑगस्टीनला यातला विपर्यास कळला आणि त्याने ती कल्पनाच सोडून दिली. ईश्वराचे तुकडे होत नाहीत, म्हणून वाटेही होत नाहीत. तो जिथे आहे तिथे सगळाच आहे. ताऱ्यात सगळा, हत्तीत सगळा, चिमणीत सगळा. तेराव्या शतकात थॉमस ॲक्विनासने हे आणखी रेखीवपणे मांडले, पण मूळ झेप ऑगस्टीनची, आणि मला ती साऱ्या धर्मशास्त्रातली सर्वांत देखणी झेप वाटते. सर्वव्यापी म्हणजे सर्वत्र पातळ पसरलेला नव्हे, ही गोष्ट त्याने एका पाखराच्या देहावरून सिद्ध केली.

इथे एक अवघड जागा येते आणि तिला वळसा घालून पुढे जाणे बरे नव्हे. शुभवर्तमान असे म्हणत नाही की चिमणी पडत नाही. मत्तयाच्या पाठात ती जमिनीवर पडतेच. पित्याच्या नकळत पडत नाही, एवढेच म्हटले आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला. चर्चमध्ये मिस्सासाठी गर्दी होती. छते कोसळली, मागून समुद्र शहरात शिरला, मग आगी लागल्या. हजारो माणसे गेली. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सने १७१० सालच्या ग्रंथात मांडले होते की संभवनीय विश्वांपैकी हेच सर्वोत्तम. लिस्बननंतर फ्रेंच लेखक व्होल्तेअरने त्या म्हणण्याच्या चिंधड्या उडवल्या. पण माझ्या मते या प्रश्नाचा खरा काटा हजारोंच्या आकड्यात नाही. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘ब्रदर्स करामाझोव्ह’मधला इव्हान ते नेमके ओळखतो. तो एकाच मुलाच्या छळाची गोष्ट करतो आणि विचारतो की पुढच्या साऱ्या सुखसंवादाची ही किंमत असेल तर ती कोणाला मान्य आहे. ज्याचा देव मोठा पण दूरचा आहे त्याला सरासरीचा आसरा घेता येतो: एकंदरीत जगात बरे चालले आहे, असे म्हणता येते. ज्याचा देव पाचवी चिमणी ओळखतो त्याला तो आसरा नाही. सर्वज्ञतेचा दावा जितका बारीक, तितका हा प्रश्न तीक्ष्ण होतो. ख्रिस्ती माणसाने हे मान्य करूनच प्रार्थनेला बसायला हवे. ईयोबाचे पुस्तक, स्तोत्रांतले आक्रोश, क्रुसावरचा येशूचा स्वतःचा विलाप हे सगळे पवित्र शास्त्रातच आहे, बाहेरून कोणी आणलेले नाही.

काळाचा हिशेब याहून विचित्र आहे. ९० वे स्तोत्र मोशेच्या नावावर आहे. त्यात हजार वर्षे देवाच्या दृष्टीने कालच्या सरलेल्या दिवसासारखी आहेत. हे गुणोत्तर अक्षरशः धरले तर विश्वाची १३.८ अब्ज वर्षे म्हणजे ईश्वराची सुमारे ३७,८०० वर्षे होतात आणि ऐंशी वर्षांचे माणसाचे आयुष्य दोन तासांहून थोडे कमी. अशी कोष्टके मांडणारे लोक पूर्वी झाले, आजही आहेत. पण पेत्राचे दुसरे पत्र ते कोष्टक उधळून लावते. तिथे म्हटले आहे की प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आणि हजार वर्षे एका दिवसासारखी. दोन्ही एकदम. काळाला एका बाजूने साडेतीन लाखांहून जास्त पटींनी ताणायचे आणि त्याच वेळी तितक्याच पटींनी आकसायचे, असे गुणोत्तर गणितात बसत नाही. पत्र लिहिणाऱ्याला गुणोत्तर सांगायचेच नव्हते.

त्याला काय म्हणायचे होते ते पुढे बोएथियसने शब्दांत बांधले. हा रोमी विद्वान मोठ्या पदावर होता. राजद्रोहाचा आरोप येऊन तो कैदेत पडला आणि ५२४ च्या सुमारास त्याला ठार मारण्यात आले. मरणाची वाट पाहताना त्याने तत्त्वज्ञानाच्या सांत्वनावर जे पुस्तक लिहिले त्यात शाश्वततेची व्याख्या आहे. न संपणारा काळ म्हणजे शाश्वतता, असे तो म्हणत नाही. अमर्याद जीवन एकाच वेळी, संपूर्ण, हातात असणे म्हणजे शाश्वतता. आपले जीवन आपल्याला थेंबाथेंबाने मिळते. काल गेलेला असतो, उद्या आलेला नसतो. ईश्वराचे काही गेलेले नसते. म्हणजे अब्जावधी वर्षे जगलेला, फार म्हातारा असा कोणी तो नाही. ज्याच्या दाढीवरून वय ओळखावे असे चित्रकारांनी त्याला कितीही रंगवले तरी.

एवढे सगळे मान्य केले तरी एक शंका राहते. अनंत ही खरोखर असलेली वस्तू आहे, की आपण मोजून थकलो म्हणजे तोंडातून निघणारा उद्गार आहे? ॲरिस्टॉटलपासूनची शिकवण दुसऱ्या पर्यायाच्या बाजूची होती: पुढे पुढे मोजत राहता येते, पण मोजून पूर्ण झालेले अनंत कुठे नसते. प्राचीनांपैकी काहींनी यातून अशीही टूम काढली की ज्याला अंत नाही ते देवालाही संपूर्ण कळणार नाही. ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या बाराव्या भागात त्यांना उलट विचारले: संख्यांना अंत नाही हे उघड आहे, मग देवाला सगळ्या संख्या माहीत नाहीत असे म्हणणार का? कुठल्यातरी संख्येपर्यंत त्याला येते आणि पुढचे येत नाही असे? त्याचे स्वतःचे उत्तर असे की आपल्याला जे अनंत आहे ते त्याच्या ज्ञानात, आपल्याला न सांगता येणाऱ्या रीतीने, कवेत आलेले आहे.

हे वाक्य साडेचौदाशे वर्षे तसेच पडून होते. मग गणिती गेऑर्ग कँटरने ते उचलले. जन्म १८४५, सेंट पीटर्सबर्ग. नोकरी आयुष्यभर जर्मनीतल्या हाले विद्यापीठात. घराणे प्रोटेस्टंट, आई मूळची कॅथलिक, आणि स्वतः मनापासून श्रद्धाळू. त्याने सगळ्या नैसर्गिक संख्या एक पूर्ण वस्तू म्हणून समोर ठेवल्या आणि जोड्या लावायला सुरुवात केली. १ ला २, २ ला ४, ३ ला ६. एकही संख्या जोडीशिवाय उरत नाही. म्हणजे सम संख्या सगळ्या संख्यांच्या निम्म्या दिसत असूनही तेवढ्याच आहेत. अपूर्णांकही तेवढेच निघाले. १८७४ साली मात्र त्याने दाखवले की रेषेवरचे सगळे बिंदू याहून जास्त आहेत. कितीही चतुराईने जोड्या लावल्या तरी बिंदू उरतातच. अनंत एक नव्हते, त्यांत लहान-मोठे होते. १८९१ साली त्याहून पुढचे सिद्ध केले: कोणताही अनंत संच घ्या, त्याच्या सगळ्या उपसंचांचा समूह त्याच्याहून मोठाच असतो. अनंतांच्या या चढणीला शेवटची पायरी नाही.

बर्लिनच्या क्रोनेकर या गणित्याने याला कडाडून विरोध केला. धर्मशास्त्रज्ञांची काळजी वेगळी होती. सृष्टीत पूर्ण झालेली अनंते असतील तर अनंतता हा ईश्वराचा गुण उरला कुठे? सृष्टी आणि ईश्वर एकच, असे म्हणण्याची ही चोरवाट तर नव्हे? १८८६ साली कँटरने रोममधल्या कार्डिनल योहानेस फ्रान्झेलिन यांच्याशी पत्रव्यवहार केला. कार्डिनलांनी नेमका हाच धोका दाखवला. कँटरचे उत्तर असे की त्याच्या संचांतली अनंते वाढवता येतात, प्रत्येकीच्या वर आणखी मोठी असते. ईश्वराची अनंतता, जिला तो परम अनंत म्हणे, ती वाढवता येत नाही आणि गणिताच्या पकडीत येत नाही. पहिली निर्मिलेली, दुसरी निर्मात्याची. या भेदावर फ्रान्झेलिन यांचे समाधान झाले. धर्माला यात धोका नाही असे त्यांनी कळवले. मला हा पत्रव्यवहार विलक्षण वाटतो. गणितातला एक नवा शोध लावणारा माणूस चर्चच्या पंडिताला घाबरून नव्हे, तर तोच ते नीट तपासू शकेल म्हणून लिहितो, आणि पंडितही गणिताला गणित म्हणून वाचतो. १८९९ साली गणिती डेडेकिंडला लिहिलेल्या पत्रांत कँटर म्हणतो की काही समूह असे आहेत की त्यांना एक वस्तू मानले तर विसंगती येते; सगळ्या अनंत संख्यांचा समूह त्यांतलाच. गणिती याला विरोधाभास म्हणून डोक्याला हात लावून बसले. कँटरला त्यात आश्चर्य वाटले नसावे. सगळ्याला एका मुठीत धरणारी संख्या नाही, हे तो आधीपासून सांगत होता. त्याच्या आयुष्याची शेवटची वर्षे नैराश्याच्या आजारात गेली. १९१८ च्या जानेवारीत हालेच्या मनोरुग्णालयात तो वारला.

आपल्या बीजगणितातही या विचाराची एक जुनी खूण आहे. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटले आणि तिच्यात काही मिळवले वा तिच्यातून वजा केले तरी ती बदलत नाही, असे सांगून अनंत अच्युताचा दृष्टांत दिला: प्रलयात जीव त्याच्यात शिरले, सृष्टीच्या वेळी बाहेर पडले, तरी त्याच्यात फरक पडत नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे म्हणणे एका पावलापर्यंत हेच आहे. ईश्वर आणि विश्व यांची बेरीज ईश्वरापेक्षा जास्त भरत नाही. पुढच्या पावलाला वाट वेगळी होते, कारण विश्व ईश्वरातून निघालेले नाही, शून्यातून निर्माण केलेले आहे, असा ख्रिस्ती सिद्धान्त आहे. सर्वसमर्थतेचे खरे माप तिथे आहे, असे थॉमसचे मत. सूर्य दर सेकंदाला ४० लाख टनांहून जास्त वस्तुमान ऊर्जेत बदलतो, हे सामर्थ्य थक्क करणारे खरे. पण तो आधी असलेल्याचे रूपांतर करतो. काहीच नसणे आणि वाळूचा एक कण असणे, या दोन अवस्थांमधले अंतर कोणत्याही मर्यादित सामर्थ्याला ओलांडता येणार नाही. त्यासाठी ताऱ्यांची लाख परार्धे लागत नाहीत, एक कण पुरतो.

या सगळ्या गुणांची संख्या किती, असाही प्रश्न विद्यार्थी विचारतात. उत्तर थोडे चमत्कारिक आहे: एक. ईश्वराजवळ ज्ञान आहे, सामर्थ्य आहे, प्रेम आहे, अशी मालमत्तेसारखी यादी होत नाही. त्याचे ज्ञान तेच त्याचे सामर्थ्य, तेच त्याचे प्रेम, तेच त्याचे असणे. यादी आपल्या बुद्धीची गरज आहे. आणि त्या गरजेपोटी किती लिहिले गेले! थॉमसच्या ‘सुम्मा’त पाचशेहून जास्त प्रश्न आणि अडीच हजारांहून जास्त कलमे आहेत, आणि तरी तिच्या आरंभीच तो सांगतो की ईश्वर काय आहे हे आपल्याला कळत नाही, काय नाही एवढे कळते. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी तोच देव मराठीत सांगायला सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. पहिला थॉमस ६ डिसेंबर १२७३ रोजी नेपल्समध्ये मिस्सा झाल्यावर लिहायचा थांबला, पुन्हा लेखणी धरली नाही, आणि तीन महिन्यांनी गेला. तो थांबला म्हणून आधीचे अडीच हजार वाया गेले असे मला वाटत नाही. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने नियम घालून दिला होता की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, त्याहून मोठा भेद शिल्लक असतोच. साम्य दाखवूच नका असे तिने म्हटले नाही.

रोजच्या प्रार्थनेत या सगळ्याचे काय होते? जगात आज सुमारे २३० कोटी ख्रिस्ती आहेत. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना अर्ध्या मिनिटात होते. उदारपणे नको, जेमतेम धरू: प्रत्येकाने दिवसातून एक मिनिट प्रार्थना केली. दर क्षणी सुमारे १६ लाख माणसे एकदम बोलत असतील. एकेकाचे ऐकून घेणारा कोणी असेल तर एका दिवसाच्या प्रार्थना ऐकायला त्याला ४,३७० वर्षे लागतील. गीझाचे पिरॅमिड उभे राहिल्यावर काही पिढ्यांनी जो ऐकायला बसला, त्याचा तो एक दिवस आता कुठे संपत आला असता. आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांचे झाले. त्याने फक्त त्यांचेच ऐकावे असे कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. मर्यादित लक्ष वाटले की कमी होते. शाळेत साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्याला हे सांगायला नको. अनंत लक्षाला २३० कोटींनी भागा, आठ अब्जांनी भागा, आजवर जन्मलेल्या सुमारे ११७ अब्ज माणसांनी भागा. प्रत्येकाच्या वाट्याला येते ते अनंतच. ऑगस्टीनने आत्मकथनात हेच देवाला उद्देशून म्हटले आहे, की तू प्रत्येकाची अशी काळजी घेतोस जणू तो एकटाच आहे. त्या वाक्याला मी पूर्वी भक्तीची अतिशयोक्ती समजत असे. ते काटेकोर विधान आहे. ईश्वर अनंत असेल तर याहून कमी काही म्हणताच येत नाही.

ख्रिस्ती श्रद्धा याही पुढे एक गोष्ट सांगते आणि तिथे भागाकारही उपयोगी पडत नाही. तो अनंत देहधारी झाला. नऊ महिने पोटात, तेहतीसेक वर्षे पृथ्वीवर, सुताराच्या घरी. ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेत बिशपांनी ठरवले की तो पूर्ण ईश्वर आणि पूर्ण मनुष्य आहे, दोन्हींत मिसळ नाही आणि फारकतही नाही. कॉप्ट, आर्मेनियन आणि सिरियाक परंपरेच्या चर्चांना ती मांडणी पटली नाही, आजही पटलेली नाही. ज्याला सगळे ठाऊक, तो मुलगा अक्षरे शिकला का? जो थकत नाही तो विहिरीकाठी दमून कसा बसला? पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःला रिक्त केले असे म्हटले आहे, आणि हे पत्र येशूच्या मृत्यूनंतर साधारण तीस वर्षांच्या आतले आहे. इतक्या लवकर हे म्हणायला लोक तयार झाले होते.

लूक सांगतो की तो जन्मला तेव्हा औगुस्त कैसराच्या हुकमाने नावनिशी चालू होती. त्या नावनिशीचा नेमका काळ कोणता यावर इतिहासकारांत वाद आहे. वाद नाही तो औगुस्ताच्या स्वतःच्या आकड्यांबद्दल. आपल्या कारकिर्दीची कामगिरी त्याने लिहून ठेवली आणि तिची प्रत आजच्या अंकारातल्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहे. तिच्यात तीन शिरगणत्या आहेत: इ.स.पू. २८ मध्ये ४०,६३,०००, इ.स.पू. ८ मध्ये ४२,३३,०००, आणि इ.स. १४ मध्ये ४९,३७,००० रोमी नागरिक. शेवटच्या गणतीच्या वेळी येशू वीसेक वर्षांचा असावा. गालीलचे सुतार नागरिक नव्हते. नागरिकाला क्रुसावर सहसा चढवतही नसत. त्या ४९ लाख ३७ हजारांत त्याची गणना झालेली नाही.